भट्टी मोडा म्हणून सांगायचं राहिलं

तात्या,

रविवारी तुमचं पुण्यानुमोदन, तुमच्या आठवणीची सभा. पत्रक मी लिहायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. "तात्यांच्यावर तुझ्याशिवाय कोण लिहिणार?" असं आपल्या संघटनेचे सेक्रेटरी म्हणाले आणि जाता जाता मथळाही देऊन गेले: 'जावा बेटावर भट्टी उभारणारा बावड्याचा कामगार'. खाली तुमचा तो फोटो टाकायचा. भट्टीपुढं उभे, हातात घमेलं, आणि चेहरा असा की कुणीतरी बळंच उभं केलंय. बळंच केलं होतं. मीच केलं होतं.

पत्रकं मला नवीन नाहीत. एकोणिसाव्या वर्षापासून तेच करतेय. वर आरोप, मधे मागण्या, खाली इशारा. झोपेतसुद्धा लिहीन. तुमचं लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला, आरोप कुणावर, तिथंच गाडी अडली. म्हणून हे पत्रक नाही. हे तुम्हाला लिहितेय. बाकीच्यांनी ऐकायचं असेल तर ऐकावं.

भेटायला येणारा प्रत्येक जण आक्कांना एकच म्हणतोय, "सुटले हो बिचारे." मला संताप येतो. शेवटचं वर्षभर नाकात नळी, जिन्याच्या चार पायऱ्यांत दोनदा बसणं, त्यातून सुटलात, मान्य. पण तुम्हाला मी ज्यात अडकवून ठेवलं होतं, त्यातून कुठं सुटलात?

चाळीस वर्षं तुम्ही गुऱ्हाळावर जाळ घातला. चुलवाणाच्या खड्ड्यात उतरायचं आणि वाळली चिपाडं सारत राहायची. वर काहिलीत रस, काहिलीशेजारी पाकाची गोळी बघायला गुळव्या, आणि खाली तुम्ही. गुळाला रंग चढला की गुळव्याचं नाव. काळा पडला की, "जाळ कुणी घातला रं?" हे तुम्ही हसत सांगायचात आणि मी मुठी आवळून ऐकायची. म्हणूनच, संघटनेतून इंडोनेशियातल्या एका खेड्यात तीन महिन्यांसाठी दोन स्वयंसेवक पाठवायचं निघालं, तेव्हा बैठकीत मी उभी राहिले. तिकडं घरोघरी बाया नारळाच्या नीरेचा गूळ शिजवतात, धुरात डोळे घालवतात, त्यांना सुधारलेली चूल दाखवायची होती. मी म्हटलं, इंजिनिअर कशाला पाठवता? ज्याचं आयुष्य जाळापुढं गेलं त्याला पाठवा. सोबत मी जाते. त्या दिवशी मी बरोबर होते. एवढं मला अजूनही म्हणू द्या.

आक्का तेव्हा नवऱ्याच्या काळजीनं काय म्हणाल्या आठवतंय? "ह्यास्नी हातकणंगल्याच्या पुढं रेल्वे कुठं जाती ते ठावं न्हाय, आन तू इमानात बसिवतीस?" आणि तुम्ही, "आगं, ती पोरगी हाय की संगं. हरवलो तर दोघं हरवू."

हरवलो नाही. डोंगराच्या उतारावरचं ते गाव, सगळीकडं माड, आणि आपण ज्यांच्या घरी उतरलो त्या बू सुर्ती. 'बू' म्हणजे तिकडं बाईमाणसाला मानानं म्हणतात, हे मी तुम्हाला चारदा सांगितलं आणि तुम्ही शेवटपर्यंत 'सुर्तीबाई'च म्हणालात. त्यांचा नवरा सकाळ-संध्याकाळ कमरेला बांबूच्या नळ्या अडकवून माडावर चढायचा. नळ्या एकमेकींवर वाजायच्या, त्या आवाजानं आपल्याला जाग यायची. तुम्ही खाली उभे राहून ओरडायचात, "पावणं, दमानं! पावणं, पाय सांभाळा!" त्यांची मुलगी रिनी गावातल्या शाळेत शिकवायची, तिला इंग्रजी यायचं, त्यामुळं आपला सगळा कारभार तिच्या तोंडून. तिनं विचारलं, पावणं म्हणजे काय? मी सांगितलं. ती म्हणाली, "पण पाहुणे तर हे आहेत ना?" तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही कान धरलेत आणि दुसऱ्या दिवशी परत, "पावणं, दमानं!"

आणि ती सांबलची, त्यांच्या मिरचीच्या ठेच्याची, गंमत. कोल्हापूरचा माणूस, तिखटाचं काय सांगता, म्हणून तुम्ही बॅगेतनं आणलेली कांदा-लसणाची चटणी ऐटीत त्यांच्यापुढं ठेवलीत. सुर्तीबाईंनी बोटानं चाटली, मान हलवली, आणि दगडी वाटीत हिरव्या मिरच्या रगडून तुमच्या भातावर चमचाभर घातल्या. तुम्ही घास घेतलात. डोळे लाल, नाक वाहतंय, कान पेटलेत. "पोरी, ही बाई मला मारतीया की गं!" आणि तरी दुसरा घास घेतलात, कारण बावड्याची इज्जत. ते घर त्या दिवशी जेवढं हसलं तेवढं मी आयुष्यात कुठलं घर हसताना पाहिलेलं नाही.

पण तुम्हाला ते गाव आवडलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. चौथा का पाचवा दिवस असेल. सुर्तीबाईंच्या स्वयंपाकघरात कढईत नीरा आटत आलेली. तुम्ही सवयीनं चुलीपुढं उकिडवे, लाकडं मागंपुढं सारताय. त्यांनी पळीनं थोडा पाक वाटीतल्या गार पाण्यात सोडला आणि बोटांत घेऊन वळून पाहिला. तुम्ही ताडकन उभे राहिलात. "आयला! गोळी बघतीया की! आपल्यावानीच!" त्यांना शब्द कळला नाही, आनंद कळला. त्यांनी वाटी तुमच्यापुढं धरली. तुम्ही घेईचनात. हात पुसलेत, परत पुसलेत. मग दोन बोटांनी तो पाक उचललात, दाबलात, आणि मला न बघता म्हणालात, "चाळीस वर्सात मला कुणी वाटी दिली न्हवती."

हे मी एकाही पत्रकात लिहिलं नाही. का नाही लिहिलं? कारण त्यात मागणी बसत नव्हती.

माझ्या डोक्यात भट्टी होती. 'एक गाव, एक भट्टी.' घोषणा मी विमानातच करून ठेवली होती. प्रत्येक बाईनं आपापल्या काळ्या खोलीत एकटीनं का जळायचं? सगळ्यांनी मिळून मोकळ्या जागेत एक मोठी भट्टी पेटवावी, एका काहिलीत रस ओतावा, पाळीपाळीनं जाळ घालावा. आपल्याकडं गुऱ्हाळ असतंच की. जागा मिळाली सुर्तीबाईंच्या घरापुढच्या अंगणात. गल्लीतल्या आठ बायांना बोलावून रिनीच्या तोंडून मी भाषण दिलं. आठी जणी हसून मान हलवत होत्या. मी तुमच्याकडं विजयानं बघितलं.

तुम्ही पाया खणतानाच म्हणालात, "ऊस फडात उभा ऱ्हातोय. आज न्हाय तर परवा पाळी येती. ही नीरा दुपारपातूर आंबती. पाळी कसली लावतीस?"

मी म्हटलं, "म्हणून तर सगळ्यांची एकदम एका काहिलीत."

"आन एकीची आंबल्याली निघाली तर?"

"तात्या, तुम्हाला दर गोष्टीत वाईटच कसं दिसतं?"

मग तुम्ही विटा रचू लागलात. आता खरं बोलायचंय तर हेही बोलते, तुम्हालाही ती बांधायला आवडत होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलवाणात उतरलात, ही पहिली तुमच्या हातची. तोंड कुठं, हवेची वाट कुठली, धुरांडं केवढं, कुणाला विचारायचं नाही. ऊसवाल्यांची अक्कल घेऊन आपण दोघं माडवाल्यांच्या गावात गेलो होतो. फरक एवढाच की तुम्हाला ते पहिल्या दिवशी कळलं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

पहिला जाळ पेटवायला गावचा मुख्य आला. फोटो झाले. आठ घरची नीरा एका काहिलीत. चार तास झाले, पाच झाले, गोळी काही बसेना. कुणा एकीची तरी आंबलेली होती, आणि तिनं सगळ्यांची नासवली. आपल्याकडं असतं तर? "कुणाची गं नीरा? तुझीच! माझी कशापाय? घे शपथ!" करत पोलीस पाटलापर्यंत गेलं असतं. तिथं आठ जणींनी तो चिकट काला वाट्यांत वाटून घेतला, भातावर छान लागतो म्हणाल्या आणि हसत घरी गेल्या. एकीनं दुसरीकडं पाहिलंसुद्धा नाही. मी म्हटलं, बघा, केवढी समजूत! तुम्ही म्हणालात, "समजूत न्हवं. पावण्याचं तोंड पडू ने म्हणून चाललंय."

दुसऱ्या दिवशी आठी जणी पुन्हा हजर. त्या दिवशी गूळ बसला. नंतर रोज बसला. मी अहवाल पाठवला: प्रयोग यशस्वी.

आठवड्यानं तुम्ही मला पाण्याच्या पाटाकडं घेऊन गेलात. दोघं कपडे धूत होतो. तुम्ही शर्ट आपटत म्हणालात, "त्या निम्मी नीरा घरात शिजवत्यात. निम्मी आपल्याकडं आणत्यात. दोन-दोन जाळ घालत्यात बाया, आपल्यापायी."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सुर्तीबाईच्या वळचणीचं जळण बघ की. आठ दिसाचं तीन दिसात संपलंय. जळण खोटं बोलत न्हाय."

मला ते जळण दिसत होतंच, तात्या. रोज दिसत होतं. मी म्हटलं, "सवय नाही म्हणून. होईल हळूहळू. एकजूट एका दिवसात होत नाही."

तुम्ही हातातला शर्ट तसाच धरून माझ्याकडं बघितलंत. "सगळ्यास्नी एका काहिलीत वतून एकजूट हुतीया व्हय?"

आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. "तात्या, हे कोल्हापुरात बोलायचं नाही."

तुम्ही नाही बोललात. एवढा शब्द पाळणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही, आणि शब्द घेतला तोही असला.

उरलेले दिवस तुम्ही भट्टीकडं फिरकला नाहीत. मला वाटलं, फुगून बसलेत. तुम्ही सुर्तीबाईंच्या चुलीचं तोंड बारीक करत होता. खालून हवेला चर काढत होता. बांबूभोवती माती लिंपायची, ती वाळली की बांबू ओढून काढायचा, की झालं मातीचं धुरांडं. त्यातनं धूर छपराबाहेर. शेजारीण बघायला आली, मग तिची चूल. मग तिच्या जावेची. निघेपर्यंत सात घरांत तुमचे हात फिरले होते. सात घरांतल्या बाया डोळे न पुसता गूळ काढत होत्या. ज्या कामासाठी आपल्याला पाठवलं होतं ते काम तुम्ही करून ठेवलं, आणि माझ्या फोनमध्ये त्यातल्या एका चुलीचा फोटो नाही. भट्टीचे दोनशे आहेत.

इकडं आल्यावर मी तुम्हाला गावोगाव फिरवलं. कुरुंदवाडपासून पार सीमेवरच्या वाड्यांपर्यंत. शाल, नारळ, टाळ्या. तुम्ही उभे राहायचात आणि तेवढंच बोलायचात, "जावात गेलतो. गाव चांगलं हुतं. माणसं लय मायेची." आणि खाली बसायचात. मग मी माईक घ्यायची आणि भट्टी सुरू करायची. लोकांना वाटायचं, काय साधा माणूस! मीही तेच म्हणायची, साधे आहेत आमचे तात्या, बोलत नाहीत फारसं. तुमचं तोंड मी बांधलंय हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक.

परत येताना रिक्षात दर खेपेला तुमचा एकच प्रश्न. "कळवलंस काय?"

भट्टीनं सुर्तीबाईंचं अंगण खाल्लं होतं. भात वाळवायला जागा नाही, म्हणून त्या रस्त्यावर वाळवायच्या आणि मोटारसायकली त्याच्यावरनं जायच्या. आपण निघून आल्यावर भट्टी एकदाही पेटली नव्हती. पण पाहुण्यांनी बांधलेली, तिला हात कोण लावणार? त्यांच्याकडं ते होत नाही. तुम्ही म्हणायचात, "त्यास्नी मोडवंना. आपुनच 'मोडा' म्हटलं पायजे." मी म्हणायची, "बघू."

पुढच्या ईदला रिनीनं फोटो पाठवला. घराला चुना लावताना त्यांनी भट्टीलाही लावला होता. पांढरीशुभ्र. मी तो फोटो आपल्या कॅलेंडरवर छापला. तुम्हाला पहिली प्रत द्यायला आले, तर तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघितलंत. "बघ, अजून चुना लावत्यात बिचाऱ्या. कवा सोडणार हायस त्यास्नी?"

सोडलं नाही. आता कारण विचारू नका. तुम्ही विचारायचात तेव्हा मी सांगायची की आपल्या वस्तीत सामायिक चुलीची मागणी लावून धरलीय, अशा वेळी विरोधकांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं. खोटं. कारण एवढंच, की ती घोषणा माझी होती.

शेवटची भेट. खोलीत ते ऑक्सिजनचं यंत्र घरघरतंय, आक्का पायाशी. मी फोन काढला. म्हटलं, तात्या, दोनच मिनिटं, भट्टीवर दोन शब्द, मोहिमेसाठी पाहिजेत. तुम्ही हात लांब करून फोन गादीवर पालथा घातलात. दम लागत होता, एकेक शब्द सुटा येत होता.

"माझ्या तोंडानं... आणि किती बोलणार हायस?"

मग, "सुर्तीबाईला म्हण. पावण्यानं सांगितलंय. मोडा. विटा वापरा."

मी हो म्हटलं. बाहेर आले, गाडीला किक मारली, आणि नाही कळवलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. दवाखान्यात कागद भरताना त्या पोरगेल्या डॉक्टरनं आक्कांना विचारलं, बिडी ओढायचे का? आक्का म्हणाल्या, "न्हाई ओ. चुलवाण." त्याला कळलं नाही. त्यानं रकान्यात काय लिहिलं कुणास ठाऊक.

तर आता सांगते. हे लिहायला बसायच्या आधी रिनीला पाठवलं. आधी पाठवलं, कारण मला माझा भरवसा नाही. एवढं सगळं कबूल करायचं, डोळे पुसायचे, आणि पाठवायचं तेवढं राहू द्यायचं, हे मला चांगलं जमतं. तुम्ही गेलात हे त्यात लिहिलं नाही. तुमच्या मरणाचंसुद्धा पत्रक केल्यासारखं झालं असतं. फक्त लिहिलं: चूक आमची होती. भट्टीनं तुमचं अंगण अडवलंय. मोडा, विटा तुमच्या कामाला घ्या.

तासाभरात उत्तर. आई म्हणते, काही अडचण नाही. भट्टी फार सुंदर आहे. मुलं तिच्याभोवती खेळतात. तात्या कसे आहेत?

मी हसले, तात्या. मोठ्यानं हसले. कोल्हापुरात उभं आयुष्य भांडण्यात गेलं. शिवी दिली तर परत देता येते, नाही म्हटलं तर हो म्हणेपर्यंत दारात बसता येतं. ह्या माणसांशी भांडायचं कसं? दार उघडून धरलं तरी त्या बाहेर येईनात, कारण दार आम्ही बसवलेलं.

मग थेट सुर्तीबाईंना सांगावंच लागलं. तुम्ही गेलात, आणि हे तुमचे शब्द आहेत. कधी बोललात, किती वेळा बोललात, मी किती दिवस दाबून ठेवले, सगळं. मोडक्यातोडक्या त्यांच्या भाषेत, रिनीच्या मदतीशिवाय. उरलेला दिवस काहीच आलं नाही.

काल दुपारी आलं. सुर्तीबाईंचा आवाज, त्यांच्या बोलीत. खाली रिनीनं अर्थ लिहिला होता. गल्लीतल्या सगळ्या जणी जमणार आहेत. तुमच्या नावानं जेवण घालणार, त्यांच्या रीतीनं दुआ मागणार. तो स्वयंपाक भट्टीवर करणार, एकदाच, सगळ्यांचा मिळून. दुसऱ्या दिवशी मोडणार. विटा वाटून घेणार, ज्यांच्या चुलीला तुमचा हात लागायचा राहिला त्यांना आधी. आणि शेवटी: तोपर्यंत तुमचा विचार बदलला तर अवश्य कळवा, आम्ही थांबू.

मी लिहिलं: बदलणार नाही.

हे सगळं आज सकाळी आक्कांना वाचून दाखवलं. सेक्रेटरींना नाही दाखवलं, ते मथळ्याची वाट बघतायत. आक्का शेंगा फोडत होत्या. पाटाच्या कडेला आपण बोललो ते आलं तेव्हा हात थांबला, मग परत फोडायला लागल्या. वाचून झालं. मला वाटलं, डोक्यावरनं हात फिरवतील. म्हणतील, जाऊ दे बाळ.

आक्का म्हणाल्या, "ती बाई तुला माफ करंल. तिकडची रीत हाय ती. माझं मी अजून ठरिवलं न्हाय."

टरफलं पदरातनं सुपात झाडली आणि उठता उठता म्हणाल्या, "रविवारी हेच वाच. मी पुढच्याच वळीत बसणार हाय."